ओल्डहॅममधील रुग्णालये

ओल्डहॅम हे इंग्लंडमधील, मँचेस्टरपासून सु. ११ किमी. अंतरावरील एकेकाळचे सूतगिरण्यांचे शहर. पूर्वी ते लँकशर परगण्यात होते, १९७४ पासून ते ग्रेटर मँचेस्टरमध्ये आहे. १८०१ मध्ये सु. १२ हजार असलेली येथील लोकसंख्या १९०१ पर्यंत १ लाख ३७ हजारांवर गेली. मुंबईच्या पहिल्या सूतगिरणीची यंत्रेही येथील प्लॅट ब्रदर्सच्या कारखान्यातून आली होती. पिंजण खात्यातल्या कापसाच्या धुळीने छातीचा विकार जडे आणि चात्यांच्या तेलाने भिजलेल्या कपड्यांमुळे सूतकताऱ्यांना त्वचेचा कर्करोग होई.

उपचाराच्या मुख्य वाटा दोन होत्या. देणग्या व वर्गण्यांवर उभे राहिलेले ओल्डहॅम इन्फर्मरी हे धर्मादाय रुग्णालय १८७२ मध्ये सुरू झाले. ‘रॉयल’ हे बिरुद त्याला नंतर मिळाले. अशा रुग्णालयांत अपघाती जखमा, शस्त्रक्रिया अशी बरी होणारी दुखणी घेत. साथीच्या रोग्यांसाठी वेस्टहूम येथे वेगळे रुग्णालय होते. उरलेले म्हातारे, असाध्य रोगी, निराधार बाळंतिणी यांची रवानगी वर्कहाउसच्या दवाखान्यात होई. वर्कहाउस म्हणजे कंगालांना कामाला जुंपून पोटाला घालणारी सरकारी व्यवस्था. १८३४ च्या गरीब कायद्याने आलेली ही व्यवस्था ओल्डहॅमकरांना इतकी नकोशी होती की त्यांनी अनेक वर्षे तिची अंमलबजावणीच होऊ दिली नाही. तिथे मरण येणे हा कुटुंबाला लागलेला बट्टा मानला जाई. कायद्याने नाव बदलता येते, धास्ती मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते: वर्कहाउसच्या दवाखान्याचे बाउंडरी पार्क रुग्णालय झाले, १९४८ मध्ये ते ब्रिटनच्या सरकारी राष्ट्रीय आरोग्य सेवेत आले, पुढे ओल्डहॅम जनरल झाले. इन्फर्मरी १९८९ मध्ये बंद पडली. वर्कहाउसच्या जागेवरचे रुग्णालय टिकले. आज ते रॉयल ओल्डहॅम म्हणून ओळखले जाते.

याच रुग्णालयात २५ जुलै १९७८ च्या रात्री लुईस ब्राउन ही जगातील पहिली नलिकाबालिका (टेस्ट ट्यूब बेबी), म्हणजे शरीराबाहेर फलित केलेल्या बीजांडापासून झालेली मुलगी, जन्मली. स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो १९५१ पासून ओल्डहॅममध्ये होते. पोटाला छोटे छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहण्याच्या तंत्रात त्यांचा हात बसलेला होता. बीजांडे काढायला तेच तंत्र लागत असल्याने केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि परिचारिका जीन पर्डी यांनी वर्षानुवर्षे इकडे खेटे घातले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ मध्ये या कामाला निधी नाकारला. मग प्रयोगाला जागा मिळाली ती शेजारच्या रॉयटन गावातील डॉ. केर्शॉ रुग्णालयात. एका स्थानिक डॉक्टरच्या मृत्युपत्रातून उभे राहिलेले हे एक छोटेसे रुग्णालय. १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रियांनी या प्रयत्नांत भाग घेतला. जिवंत मुले जन्मली ती दोन. अपयशी ठरलेल्या बाकीच्या स्त्रियांचा उल्लेख सहसा कुणी करत नाही.

एडवर्ड्‌सना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेप्टो १९८८ मध्ये, पर्डी त्याआधी १९८५ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी वारल्या होत्या. या कामगिरीच्या स्मृतिफलकावर पर्डींचेही नाव असावे म्हणून एडवर्ड्‌स यांनी अधिकाऱ्यांना लिहिले होते, तरी फलक लागला तो दोघा पुरुषांच्या नावांचा आणि ‘त्यांच्या सहायक कर्मचाऱ्यांचा’. पर्डींच्या नावाचा फलक २०१५ मध्ये लागला. तोवर केर्शॉ रुग्णालय मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह झाले होते.