मानवशास्त्राच्या पदवीला तराजू कधी लागला?

अमेरिकेत मानवशास्त्र, म्हणजे माणूस, त्याच्या भाषा आणि समाज यांचा अभ्यास, शिकायचं म्हणणाऱ्या मुलाला घरचे आधी पगार विचारतात आणि मग कर्ज. जुलै २०२५ मध्ये तिथे झालेल्या कायद्याने हा घरातला प्रश्न सरकारी नियमात नेऊन बसवला. पण तो मानवशास्त्राइतका जुना नाही. तो नंतर तयार झाला, आणि त्याचं खापर मात्र विषयावर फुटतं, म्हणून मागचा इतिहास पाहायला हवा.

बर्कलेला मानवशास्त्राचा विभाग १९०१ साली सुरू झाला. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात तेव्हा राज्यातल्या रहिवाशांना शिकवणीची फी नव्हती. किरकोळ शुल्कं होती, तेवढीच. हाडं मोजा, आदिवासी भाषांची व्याकरणं लिहा, पगाराचं पुढे बघू, असं म्हणायला जागा होती. १९६७ मध्ये नवे गव्हर्नर रोनाल्ड रेगन म्हणाले की बौद्धिक कुतूहलाला करदात्यांनी पैसे पुरवू नयेत. १९७० मध्ये तिथे ‘शैक्षणिक शुल्क’ लागू झालं. माझ्या मते सगळं वळण इथे आहे. कुतूहल तेच राहिलं, बिल दुसऱ्याच्या नावावर गेलं.

कर्जाची सोय तोवर उभी राहिली होती, आणि तीही चांगल्या हेतूने. रशियाने स्पुटनिक हा पहिला उपग्रह सोडल्याच्या धक्क्यानंतर १९५८ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांना स्वस्त कर्ज देणं सुरू केलं. ८ नोव्हेंबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली ती टेक्सासमधल्या सॅन मार्कोसला, आपल्या जुन्या कॉलेजात. तिथे शिकताना झाडू मारण्यापासून मोजे विकण्यापर्यंत पडेल ते काम केल्याची आठवण त्यांनी त्या दिवशी सांगितली. गरिबाच्या मुलाला दारातून परत जावं लागू नये, म्हणून बँकेच्या कर्जाला सरकार हमी देणार होतं. पुढे १९७८ मध्ये उत्पन्नाची अट सैल झाली. १९९२ मध्ये शिकत असतानाच व्याज चढणारं कर्ज सगळ्यांना खुलं झालं. २००६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्याला जेवढा खर्च तेवढं कर्ज मिळू लागलं. दुसरीकडे दिवाळखोरीत हे कर्ज माफ होण्याची वाट १९७६ पासून अरुंद होत गेली, आणि १९९८ नंतर ती जवळजवळ बंदच झाली.

शिक्षणाची किंमत पूर्वीही कुणीतरी मोजतच होतं. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. ते शिकत होते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये मानवशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या त्या जीवराज मेहतांकडून घेतलेल्या कर्जावर. त्यांच्या पदवीला किती पगार मिळेल, असा तक्ता कुणी मांडला नव्हता.

तो तक्ता आला २०११-१२ च्या सुमारास, मंदीत. फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट म्हणाले, आणखी मानवशास्त्रज्ञ ही राज्याची गरज नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलीची पदवी मानवशास्त्राची होती. पुढच्याच वर्षी जॉर्जटाउन विद्यापीठाच्या एका अहवालात नव्या मानवशास्त्र-पुरातत्त्व पदवीधरांमधली बेकारी १०.५ टक्के आणि मध्यम पगार (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) वर्षाला २८ हजार डॉलर दिसला, आणि मासिकांनी ‘सर्वात वाईट पदव्यां’च्या याद्यांत या विषयाला वर बसवलं. त्याच अहवालात वास्तुशास्त्राच्या (आर्किटेक्चरच्या) नव्या पदवीधरांची बेकारी १३.९ टक्के होती. वास्तुशास्त्र बंद करा, असं कुणी म्हटलं नाही. अलीकडेही, २०२३ च्या आकड्यांत मानवशास्त्राची बेकारी ९.४ टक्के आहे, आणि मागोमाग भौतिकशास्त्र (७.८) आणि संगणक अभियांत्रिकी (७.५) आहेत.

पण तेवढ्याने मानवशास्त्राचे आकडे खोटे ठरत नाहीत. या विषयात खरी अडचण अशी की, मानवशास्त्रज्ञ म्हणून नोकरी हवी तर बहुतेक ठिकाणी एम.ए. लागतं. अमेरिकेत पुरातत्त्वही मानवशास्त्रातच येतं. १९६६ च्या वारसा जतन कायद्याने सरकारी पैशाच्या रस्त्या-धरणांआधी जुन्या अवशेषांचा विचार करणं बंधनकारक केलं, आणि त्यातूनच पुरातत्त्वाच्या बऱ्याच नोकऱ्या निर्माण झाल्या. नुसत्या बी.ए.वर तिथे उत्खननात हंगामी काम मिळतं. एक प्रकल्प संपला की दुसऱ्याची वाट बघायची.

आता हिशेब. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५,५००, ६,५००, ७,५०० आणि ७,५०० डॉलर, म्हणजे चार वर्षांत जास्तीत जास्त २७ हजार मिळत आलं आहे. साडेपाच टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण २९३ डॉलर बसतो. ओबामांच्या काळात, मुख्यतः नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांना आवर घालायला, सरकारने एक कसोटी आणली होती, तिच्यात हप्ता वार्षिक कमाईच्या आठ टक्क्यांच्या आत असला तर ठीक मानत. या मापाने पगार ४४ हजारांच्या आसपास हवा. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षांत मानवशास्त्राच्या अनेकांना तो गाठता येत नाही. पण आई-वडिलांनी किंवा राज्याने निम्मा भार उचलला, तर त्याच पदवीला २२ हजारही पुरतात.

२०१५ मध्ये सरकारने कॉलेजनिहाय आणि २०१९ मध्ये अभ्यासक्रमनिहाय कमाई-कर्जाचे आकडे खुले केले. लहान तुकड्यांचे आकडे खासगीपणापोटी झाकलेले असतात, त्यामुळे मानवशास्त्राच्या कित्येक छोट्या विभागांपुढे रकाना कोराच राहतो.

२०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून वेगळी कसोटी ठरवली. पदवीधरांची कमाई फक्त बारावीपर्यंत शिकलेल्यांच्या मध्यम कमाईपेक्षा तीनपैकी दोन वर्षं कमी राहिली, तर त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज बंद. या मोजणीत कर्ज किती, हे पाहिलंच जात नाही, आणि मला हे फार खटकतं. तराजूचं एक पारडंच काढून घेतलं आहे. त्याच कायद्याने पदव्युत्तर कर्जावरही नव्याने घेणाऱ्यांसाठी मर्यादा घातली, वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर.

पुण्या-नाशिकहून तिकडे एम.ए. करायला निघालेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. कमाईचे ते सरकारी आकडे फक्त अमेरिकी सरकारची मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे आहेत. इथल्या बँकेत घर तारण ठेवून गेलेली मुलं त्यांत मोजलेली नाहीत.