चुकीचं वीजबिल दुरुस्त करून घेण्याची प्रक्रिया: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कुठे अडतो

ज्याचं बिल खरोखर चुकलेलं असतं, त्याचाही अर्ज परत येतो. कारणं ठरलेली आहेत. अर्जात नुसतं ‘बिल जास्त आलं आहे’ एवढंच लिहिलेलं असतं, सोबत मीटरचा फोटो नसतो, अर्ज दिल्याची पोच नसते आणि मधल्या दोन-तीन महिन्यांत बिल थकवलेलं असतं. या चार गोष्टी सांभाळल्या तर निम्मं काम तिथेच होतं.

ही माहिती महाराष्ट्रातल्या घरगुती ग्राहकांसाठी आहे. बिलाचे तपशील महावितरणचे घेतले आहेत. मुंबईत बेस्ट, अदाणी किंवा टाटा पॉवरचं कनेक्शन असेल तर कार्यालयं आणि नमुने वेगळे असतील. विद्युत कायदा २००३ आणि वीज नियामक आयोगाचे विनियम सगळ्यांना सारखेच.

आधी चूक नेमकी कुठली ते ठरवा

बिलावर चार गोष्टी पाहा: मीटर क्रमांक, मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि मीटरची स्थिती. मग मीटरजवळ जाऊन तिथला क्रमांक बिलाशी जुळवा. सोसायटीच्या मीटर रूममध्ये एकाचा मीटर दुसऱ्याच्या नावावर लागल्याची प्रकरणं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. खात्री करायची तर घरातला मेन स्विच बंद करा आणि कोणत्या मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो ते बघा. बिलावर आहे तो मीटर थांबला पाहिजे.

डिजिटल मीटरच्या पडद्यावर आकडे बदलत राहतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी. आपल्याला हवा तो आकडा ‘केडब्ल्यूएच’ (म्हणजेच युनिट) असं लिहून येतो तेव्हाचा. त्यातला दशांश चिन्हानंतरचा अंक रीडिंगमध्ये धरायचा नसतो. तो धरला की रीडिंग दहापट फुगतं. अशी चूक फोटोवरून एका मिनिटात सिद्ध होते आणि दुरुस्तीही लवकर होते.

चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी लॉक्ड, इनअॅक्सेस, फॉल्टी किंवा आरएनए (रीडिंग मिळालं नाही) असा शेरा असेल तर ते सरासरी बिल आहे, म्हणजे मीटर न वाचता मागच्या वापराच्या अंदाजाने काढलेलं. पुढे प्रत्यक्ष रीडिंग मिळालं की आधी आकारलेल्या सरासरीची वजावट त्या बिलात दिसायला हवी. कार्यालयात तिला ‘लॉक क्रेडिट’ म्हणतात. ती दिसत नसेल तर तुम्ही तेच युनिट दोनदा भरत आहात.

सरासरीनंतरच्या पहिल्या बिलात आणखी एक फटका बसतो आणि बहुतेकांच्या तो लक्षातच येत नाही. घरगुती दराचे टप्पे दरमहा मोजायचे असतात: १००पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५००च्या वर. समजा मागील रीडिंग ४८१२, चालू ५२३८, म्हणजे वापर ४२६ युनिट, आणि हा वापर दोन महिन्यांचा आहे. तो एकाच महिन्याचा धरला तर १०० युनिट पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात आणि १२६ युनिट महागड्या तिसऱ्या टप्प्यात जातात. दोन महिन्यांत विभागला तर दरमहा २१३ पडतात, म्हणजे एकूण २०० युनिट पहिल्या टप्प्यात, २२६ दुसऱ्यात आणि तिसऱ्यात एकही नाही. अर्जात ही आकडेमोड लिहूनच द्या. ‘टप्प्यांचा लाभ द्यावा’ एवढं वाक्य लिहिलं तर कार्यालयात कोणी तुमचा हिशेब करत बसत नाही.

मीटर वेगात पळतोय असं वाटत असेल तर

मीटरच्या दर्शनी भागावर एका युनिटला किती इम्पल्स, म्हणजे दिवा किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं. बऱ्याच सिंगल फेज मीटरवर तो आकडा ३२०० असतो. घरातलं सगळं बंद करून फक्त २००० वॉटचा गीझर लावा, पाणी गार असतानाच, कारण तापलं की थर्मोस्टॅट मध्येच बंद करतो. ३२०० इम्पल्सच्या मीटरचा दिवा मिनिटाला साधारण १०७ वेळा लुकलुकायला हवा. पाच-सातचा फरक व्होल्टेजमुळे पडतो, तो सोडून द्या. १४०-१५० येत असतील तर मीटर तपासणीचा अर्ज करायला ठोस आधार मिळाला. हे मोजताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या, नुसत्या डोळ्यांनी मोजणं जमत नाही.

मेन स्विच बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल तर मीटर आणि मेन स्विचच्या मधल्या वायरिंगमधून वीज जाते आहे. मीटरवरचा ‘अर्थ’चा छोटा दिवा सतत पेटलेला असेल तर न्यूट्रलची भानगड असण्याची शक्यता मोठी. आताचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. जुन्या इमारतीत शेजारच्या घराचा न्यूट्रल तुमच्या तारेत मिसळलेला असेल, किंवा इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल चुकीचा जोडला असेल, तर शेजारचा वापरही तुमच्या मीटरवर चढू शकतो. यात मीटर निर्दोष ठरतो आणि अर्ज फेटाळला जातो. म्हणून आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग बघून घ्या.

अर्ज कोण करू शकतं

बिल आजोबांच्या नावावर, आजोबा हयात नाहीत, आणि खिडकीवरून सांगतात की ज्यांचं नाव त्यांनाच बोलवा. इथे बरीच माणसं परत फिरतात. परत फिरू नका. कायद्याच्या कलम २(१५)मधल्या ग्राहकाच्या व्याख्येत, ज्याच्या जागेला सध्या वीजजोडणी आहे अशी व्यक्तीही येते. अर्जावर स्वतःचं नाव लिहा, पुढे ‘वापरकर्ता’ असं नमूद करा आणि त्या जागेत राहत असल्याचा पुरावा जोडा: मालमत्ता कराची पावती, नोंदणीकृत भाडेकरार, पत्त्यासह आधार. भाडेकरूलाही हेच लागू. बिलावरचं नाव बदलण्याचा अर्ज वेगळा करा आणि लवकर करा, कारण परताव्याची रक्कम मिळायची वेळ आली की तोच मुद्दा पुन्हा उभा राहतो.

वीजचोरी (कलम १३५) किंवा अनधिकृत वापर (कलम १२६) असा शेरा मारून आलेलं बिल मात्र या मार्गाने दुरुस्त होत नाही. कलम १२६च्या तात्पुरत्या आकारणीवर निर्धारण अधिकाऱ्याकडे लगेच लेखी हरकत द्यावी लागते, कारण त्याने अंतिम आदेश ३० दिवसांत काढायचा असतो. ते दिवस ‘साहेब बघतो म्हणाले’ यात घालवू नका.

कागदपत्रं

नेहमीची सोपी आहेत: वादातलं बिल, त्याआधीची बिलं, भरणा केल्याच्या पावत्या, ओळखपत्र. मीटरचा फोटो असा घ्या की मीटर क्रमांक आणि केडब्ल्यूएचचा आकडा एकाच फोटोत वाचता येईल. नुसत्या आकड्याचा फोटो कोणत्याही मीटरचा असू शकतो, म्हणून तो बाजूला पडतो.

अडतं ते दोन कागदांपाशी. पहिला सीपीएल, म्हणजे तुमच्या ग्राहक क्रमांकाची महिनावार खातेवही. रीडिंग, शेरा, युनिट, वजावट, भरणा, सगळं त्यात ओळीने असतं. तो घरी येत नाही, उपविभाग कार्यालयात मागावा लागतो. किमान दोन वर्षांचा मागा. सीपीएल हातात आल्यावर चूक कोणत्या महिन्यात सुरू झाली ते दिसतं आणि मग नेमक्या त्या चुकीवर बोट ठेवता येतं.

दुसरा कागद मीटर बदली अहवाल. मीटर बदलून गेल्यानंतर दोन महिन्यांनी भलतंच बिल येतं, त्याचं मूळ बहुधा या अहवालात असतं: जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग चुकीचं चढलं किंवा नव्याचं सुरुवातीचं. बदलीच्या वेळी प्रत मागितली नसेल तर आता लेखी मागा. आणि ज्यांचा मीटर अजून बदलायचा आहे त्यांनी कृपा करून एवढं करा: माणूस जुना मीटर खोलण्याआधी त्याचा फोटो घ्या, नवा बसल्यावर त्याचाही घ्या. नंतर हा पुरावा कुठूनही मिळत नाही.

वाद चालू असताना पैसे भरायचे का?

भरायचे. अर्ज दिला म्हणून बिल आपोआप थांबत नाही. विलंब आकार लागतो आणि थकबाकीचा शिक्का बसला की तुमच्या तक्रारीचं वजनही कमी होतं. पण पूर्ण फुगलेली रक्कम भरायची सक्ती नाही. कलम ५६(१)प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा मागच्या ६ महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. एरवीही तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते.

व्यवहारात ही कमी रक्कम ऑनलाइन किंवा खिडकीवर घेतली जाईलच असं नाही. म्हणून अर्जातच लिहा की ‘कलम ५६(१)नुसार मागील ६ महिन्यांची सरासरी रक्कम निषेधासह भरण्यास परवानगी द्यावी’, खाली सरासरीचा हिशेब मांडा आणि बिलाची शेवटची तारीख उलटण्याआधी अर्ज द्या.

एक सावधगिरीची गोष्ट. ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा संदेश खासगी मोबाइल क्रमांकावरून आला तर ती फसवणूक आहे. बिलाच्या वादात अडकलेली माणसं घाबरलेली असतात आणि तीच याला बळी पडतात. लिंक उघडू नका, १९१२वर फोन करून विचारा.

अर्जाचा प्रवास

टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. अर्ज एका पानाचा पुरे: ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, कोणत्या महिन्याचं बिल, काय चुकलं, तुमच्या हिशेबाने किती यायला हवं, काय मागणी आहे.

मीटरबद्दल शंका असेल तर तपासणीचं शुल्क भरून वेगळा अर्ज लागतो. जागेवर अॅक्युचेकने (मीटर तपासायच्या हातातल्या यंत्राने) तपासतात किंवा मीटर प्रयोगशाळेत नेतात. तपासणीला स्वतः हजर राहा, अहवालाची प्रत घ्या आणि मीटर नेताना सील तुमच्यासमोर लावलं का ते बघा. मीटर सदोष निघाला तर शुल्क परत मिळतं. मीटर बंदच पडला असेल तर आयोगाच्या विनियमांनुसार सरासरीचं बिल जास्तीत जास्त ३ महिन्यांचं लावता येतं. आठ-दहा महिने ‘फॉल्टी’ शेऱ्याने सरासरी आकारत राहणं त्यात बसत नाही, तेव्हा हा मुद्दा अर्जात जरूर घ्या.

चूक मान्य झाली की कार्यालयात ‘बी-८०’ तयार होतो, हा बिल दुरुस्तीचा प्रस्ताव. रक्कम मोठी असेल तर तो मंजुरीसाठी वरच्या कार्यालयात जातो. चौकशीला गेलात की ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं विचारू नका, ‘बी-८० झाला का, कोणत्या टेबलावर आहे’ असं विचारा. उत्तर मिळतं.

तिथे दाद लागली नाही तर

ग्राहक गाऱ्हाणे निवारण कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग विद्युत लोकपाल. मंचाकडे अर्ज विनियमांच्या अनुसूची ‘अ’मधल्या नमुन्यात जातो आणि बाजू स्वतः मांडता येते. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत.

मुदतींमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मंचाकडे जाण्याची २ वर्षं तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात, तुम्ही शेवटचा हेलपाटा घातला त्या दिवसापासून नाही. तोंडी आश्वासनांनी ही मुदत वाढत नाही. लोकपालांकडे मंचाच्या आदेशापासून ६० दिवसांत जायचं असतं.

कलम ५६(२)बद्दलही गैरसमज पसरलेला आहे. ‘२ वर्षांपेक्षा जुनी बाकी वसूल करता येत नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. थकबाकी बिलात सलग दाखवत आले असतील तर हे संरक्षण मिळत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की रक्कम देय होते ती बिल दिल्यावर, आणि चूक उशिरा लक्षात आली तर कंपनी नंतरही जादा मागणी करू शकते. फक्त त्यासाठी वीज तोडता येत नाही. त्यामुळे जुन्या फरकाचं बिल आलं तर केवळ मुदतीवर विसंबू नका, रकमेच्या हिशेबालाही हरकत घ्या.

सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं असेल तर ते बहुधा बरोबर असतं, वापर वाढला की ठेवही वाढते. त्यावर दुरुस्तीचा अर्ज करून वेळ दवडू नका. ठेवीवरचं व्याज बिलात जमा झालं का, एवढं मात्र बघा.

दुरुस्ती मंजूर झाल्यावर पुढची दोन बिलं नीट वाचा. युनिट कमी झालेले असतात, पण वादाच्या काळात लागलेला विलंब आकार, व्याज आणि त्या जादा रकमेवरचं १६ टक्के वीज शुल्क थकबाकीच्या रकान्यात तसंच राहिलेलं असू शकतं. हे तिन्ही कमी करण्याची मागणी पहिल्याच अर्जात स्वतंत्र ओळीत लिहा आणि ते निघाले का ते नव्या सीपीएलवर तपासा.