कला-आरोग्य प्रकल्पांचं मूल्यमापन

नाच, गाणं, चित्रकला, नाटक असलं काही पेशंटसोबत किंवा ज्येष्ठांसोबत केल्यावर त्यांच्यात काय फरक पडला आणि तो त्याच्यामुळेच पडला का, हे तपासणं म्हणजे कला-आरोग्य प्रकल्पाचं मूल्यमापन. यातला दुसरा प्रश्न जास्त अवघड, आणि बरेचसे रिपोर्ट तिथेच मान टाकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ मध्ये ३००० पेक्षा जास्त अभ्यासांचा आढावा घेतला, त्यामुळे कलेने तब्येतीला काही होतं का हा प्रश्न आता फार नवा राहिलेला नाही. पण आपल्या हॉलमध्ये, आपल्या वीस लोकांना काय झालं हे त्या आढाव्यातून कळत नाही, ते आपणच बघायला लागतं.

पुण्यातलं उदाहरण घ्यायचं तर पार्किन्सन्सच्या (हात थरथरतात, चालणं जड जातं असा मेंदूचा आजार) पेशंटसाठीचे नृत्यवर्ग. नर्तक हृषीकेश पवार यांनी इथे असे वर्ग घेतलेत, आणि मुळात ही कल्पना २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत सुरू झाली. अशा वर्गात मोजायला सोपी एक चाचणी आहे: खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि घड्याळ लावून सेकंद मोजायचे. सोपी दिसते, पण गोची अशी की पार्किन्सन्सची गोळी लागू असताना आणि तिचा असर उतरल्यावर तोच माणूस अगदी वेगळा चालतो, त्यामुळे पहिल्या वेळी गोळीनंतर तासाभराने मोजलं आणि शेवटी चार तासांनी, तर मोजला गेला तो गोळीचा असर, नाचाचा नाहीच!

मनाचं मोजणं त्याहून किचकट. डब्ल्यूएचओ-५ नावाची प्रश्नावली बरीच वापरतात, मागच्या दोन आठवड्यांबद्दल ५ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी स्कोअर. आता आपल्याकडे आजींना विचारलं "कसं वाटतंय?" तर उत्तर ठरलेलं, "बरंय की." त्यात फॉर्म भरून घेणारी जर वर्ग घेणारी ताईच असेल तर तिला वाईट वाटू नये म्हणूनही "छान" म्हणतात (पुणेकर तोंडावर सुनावतात म्हणे, पण ताईंना नाही). म्हणून फॉर्म तिसऱ्याच माणसाने घ्यावा, आणि सोबत निवांत गप्पा माराव्यात, कारण "आता नातवंडांसमोर हात लपवत नाही" हे कुठल्याच चौकटीत टिक करता येत नाही.

आणखी एक चकवा, लोक वर्गाला येतात तेच मुळी फार वाईट चाललेलं असताना, मग थोडं आपोआपही सुधारतं आणि श्रेय गाण्याला जातं. तुलनेला दुसरा गट हवा, पण पेशंटला "तुम्ही नाचायचं नाही" कसं सांगणार, म्हणून वेटिंग लिस्टवरच्यांना आधी फक्त मोजायचं आणि नंतर त्यांचाही वर्ग घ्यायचा असा मार्ग काढतात. वीस जणांत यातून ठाम काही सिद्ध होत नाही, रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहावं.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे मधेच सोडून गेलेले. शेवटच्या दिवशीचा फॉर्म टिकलेलेच भरतात, साहजिकच स्कोअर झकास येतो. गळालेल्यांना फोन केला की कळतं, हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पावसात रिक्षा मिळत नाही, किंवा सोडायला येणारी सून आता नोकरीला लागलीय.