मल्लखांब आणि शरीरक्रिया

मल्लखांब : खांबावर किंवा दोरीवर करावयाचा भारतीय व्यायामप्रकार. पुरलेला, टांगता व दोरीचा असे त्याचे तीन प्रकार रूढ आहेत. कुस्तीगिराची पकड व चपळाई वाढविणे हा मूळ हेतू. स्वतंत्र स्पर्धा म्हणून त्याचा विचार बराच पुढचा.

उगम : नाशिक जिल्ह्याशी या व्यायामाचा संबंध जोडला जातो तो बाळंभटदादा देवधर यांच्या आख्यायिकेमुळे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (कारकीर्द १७९६–१८१८) निजामाच्या मुलखातून आलेल्या अली व गुलाब या पैलवानांनी पुण्यात आव्हान दिले. ते कोणी उचलीना, तेव्हा तरुण बाळंभटदादांनी मुदत मागून घेतली आणि वणीजवळच्या सप्तशृंग गडावर जाऊन देवीची उपासना मांडली. तेथे मारुतीने स्वप्नात येऊन लाकडी खांबावरचे डाव शिकविले, असे परंपरा सांगते. परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले. गुलाबने माघार घेतली. काही सांगण्यांत स्वप्नाची जागा झाडांवरून उड्या मारणारी माकडे घेतात आणि कथेचे हे रूप अभ्यासकांना साहजिकच सोयीचे वाटते.

तथापि चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या ग्रंथात (सु. ११३०) मल्लांच्या सरावात स्तंभावरील श्रमाचा उल्लेख येतो. त्यामुळे बाळंभटदादांना जनक म्हणण्यापेक्षा पुनरुज्जीवक म्हणणे अधिक सयुक्तिक. अर्थात, मधल्या सहा-साडेसहा शतकांतील पुरावा तुटपुंजा असल्याने तो स्तंभ आणि आजचा वर निमुळता होत गेलेला, मानेवर बोंड असलेला खांब एकच समजणे धाडसाचे ठरेल. १८१८ नंतर पेशव्याबरोबर ही विद्या ब्रह्मावर्तास (कानपूरजवळील बिठूर) गेली व उत्तरेत पसरली.

स्नायूंवरील परिणाम : चढण्यापूर्वी खांबाला एरंडेलाचा हात फिरवितात. घर्षण कमी होऊन कातडी सोलवटत नाही, पण त्यामुळेच पकडीचा सारा भार स्नायूंवर येतो. अढीत (पायांनी खांबाला घातलेल्या पकडीत) मांड्यांच्या आतील बाजूचे स्नायू खांब आवळून धरतात, हात सुटे राहतात. दसरंगात (हातांनी खांब धरून अंग उलटे वर नेण्याच्या डावात) खांदे, दंड व पोट यांना काम पडते. पकडीत स्नायूची लांबी फारशी न बदलता ताण टिकून राहतो. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः चेतासंस्थेच्या सुधारलेल्या समन्वयामुळे असते. स्नायुतंतूंची जाडी त्यानंतर दिसू लागते. नवशिका खांबाला जीव खाऊन चिकटतो आणि लवकर थकतो, मुरलेला गडी लागेल तेवढाच जोर लावतो, हा फरक येथलाच.

रक्ताभिसरण : स्थिर ताणात आकुंचित स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे त्याचा रक्तपुरवठा घटतो व रक्तदाब चढतो. श्वास कोंडल्यास तो आणखी वाढतो. म्हणून पकडीत श्वास चालू ठेवावयास शिकवितात. धावण्यासारख्या व्यायामात चित्र वेगळे असते : विश्रांतीत मिनिटाला सु. ५ लिटर असलेला हृदयातून बाहेर पडणारा रक्तप्रवाह तरुण, निरोगी व्यक्तीत २० लिटरांपर्यंत जातो आणि त्याचा बहुतांश वाटा स्नायूंकडे वळतो. दमश्वास वाढविण्यासाठी केवळ मल्लखांबावर विसंबणे म्हणूनच अपुरे.

डोके खाली असताना ‘मेंदूला भरपूर रक्त मिळते’ हे विधान व्यायामशाळांतून हमखास ऐकू येते. ते जपूनच घ्यावे. हृदयापासून मेंदू ३० सेंमी. खाली आला, तर केवळ रक्तस्तंभाच्या वजनाने तेथील दाब सु. २३ मिमी. पाऱ्याने वाढतो, हे खरे. परंतु तेवढाच दाब शिरांतही वाढतो व मेंदूच्या रक्तवाहिन्या आपला व्यास बदलून प्रवाह बराचसा स्थिर ठेवतात. मानेतील दाबसंवेदकांमुळे हृदयगतीही मंदावू शकते. डोळ्यांतील दाब मात्र वाढतो. काचबिंदू किंवा अनियंत्रित उच्च रक्तदाब असलेल्यांनी उलटे डाव टाळावेत.

ताकदीच्या व्यायामाने हृदयाची भिंत जाड होते व दमाच्या व्यायामाने कप्पा रुंदावतो, अशी विभागणी १९७५ पासून प्रचलित आहे. नंतरच्या निरीक्षणांत ती इतकी काटेकोर दिसत नाही.

प्रसार : बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी (१९३६) अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने प्रात्यक्षिके दाखविली. पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईत झाली. नाशिक शहरात यशवंत व्यायामशाळेत मल्लखांब शिकविला जातो; मुलींमध्ये दोरीचा प्रकार अधिक दिसतो.