स्थिर संकेतस्थळांचे मोफत होस्टिंग

ज्या वेबसाइटची पाने आधीच तयार असतात, सर्व्हर ती फक्त जशीच्या तशी पाठवतो, डेटाबेस लागत नाही, ती स्थिर वेबसाइट. इंदुरातल्या राजेंद्र नगर, लोकमान्य नगर अशा वस्त्यांतल्या मराठी मंडळांना गणेशोत्सवाचा कार्यक्रम, छायाचित्रे आणि दिवाळी अंकाची पीडीएफ ठेवायला एवढी सोय पुरते.

होस्टिंगची, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवण्याची, मोफत योजना निवडताना सहसा महिन्याची बँडविड्थ (वाचकांकडे जाणारा एकूण डेटा) पाहिली जाते. खरी अडचण मात्र बहुधा एखाद्या मोठ्या फाइलपाशी येते. दिवाळी अंकाची पीडीएफ ४० एमबीची आहे असे धरू. क्लाउडफ्लेअर पेजेस ही सेवा बँडविड्थ मोजत नाही, पण २५ एमबीहून मोठी फाइल घेतच नाही. तिथे अंकाचे दोन भाग करावे लागतात. फायरबेस होस्टिंगच्या मोफत स्पार्क योजनेत १० जीबी जागा मिळते, पण दिवसाला ३६० एमबीच डेटा जातो, म्हणजे नऊ जणांनी अंक उतरवला की त्या दिवसाचा कोटा संपला. गिटहब पेजेसवर १ जीबीपर्यंतची साइट चालते आणि महिन्याला १०० जीबी बँडविड्थची सैल (काटेकोरपणे न लावलेली) मर्यादा आहे. त्यात हाच अंक सुमारे अडीच हजार वेळा उतरतो. ब्राउझरमधून मात्र २५ एमबीपर्यंतचीच फाइल चढते, मोठी असेल तर गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) वापरावे लागते. शिवाय मोफत खात्यात रिपॉझिटरी (साइटच्या फाइलींचा साठा) सार्वजनिक ठेवावी लागते, म्हणून सभासदांच्या फोन नंबरांची यादी चुकूनही त्यात टाकू नये.

व्हर्सेलची मोफत हॉबी योजना वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरापुरतीच आहे. प्रायोजकांच्या जाहिराती किंवा ऑनलाइन पैसे घेणे असेल तर ती धरू नये. नेटलिफायने २०२५मध्ये नव्या खात्यांसाठी क्रेडिट (वापराप्रमाणे खर्च होणारे गुण) पद्धत आणली: मोफत योजनेत महिन्याला ३००. साइट प्रकाशित करण्यालाही क्रेडिट लागतात आणि ती संपली की साइट थांबते. उत्सवाच्या दिवसांत दर तासाला वेळापत्रक बदलणाऱ्या मंडळाला हे महागात पडते.

साइट चढवल्यावर हमखास होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. घरच्या विंडोजवर दिसणारे छायाचित्र ऑनलाइन गायब होते, कारण तिथे फाइलच्या नावातली इंग्रजी मोठी-लहान अक्षरे वेगळी धरली जातात: कॅमेऱ्याने नावाच्या शेवटी मोठ्या अक्षरांत जेपीजी लिहिले आणि पानात ते लहान अक्षरांत असले की दुवा तुटतो. गिटहबवर प्रकल्पाची साइट उपफोल्डरमध्ये उघडते, त्यामुळे तिरप्या रेघेने सुरू होणारे दुवे भलतीकडे जातात. अधोरेषेने सुरू होणारे फोल्डर जेकिल (गिटहब पेजेस पाने तयार करायला वापरते ते साधन) वगळतो. मूळ फोल्डरमध्ये ‘.नोजेकिल’ नावाची (इंग्रजी लहान अक्षरांत .nojekyll) रिकामी फाइल ठेवली की ते दिसू लागतात. पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची संकेतपद्धत) जाहीर केले नाही तर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हे येऊ शकतात. संपर्काचा फॉर्म स्वतःहून चालत नाही, त्याला बाहेरची सेवा जोडावी लागते.

छायाचित्रे १६०० पिक्सेल रुंदीची करूनच चढवावीत. स्वतःचे डोमेन (साइटचा पत्ता) सुरुवातीलाच घ्यावे, म्हणजे पुढे योजना बदलली तरी पत्ता तोच राहतो. डोमेनचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते तो एकट्या कार्यकर्त्याचा नसून मंडळाचा असावा.