बुरशीचं औषध काला आजाराला कसं चालतं?

2021च्या उन्हाळ्यात अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे नाव मुंबईत घरोघरी पोचलं. म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक त्या इंजेक्शनसाठी केमिस्टची दुकानं पालथी घालत होते. तेच औषध बिहारमध्ये काला आजारावर देतात, हे त्या धावपळीत फारसं कुणाच्या कानावर आलं नसेल.

काला आजार बुरशीमुळे होत नाही. वाळूमाशी चावते तेव्हा लेश्मानिया हा एकपेशीय परजीवी शरीरात शिरतो. ताप हटत नाही, प्लीहा सुजते, आणि उपचार न मिळाल्यास रुग्ण बहुधा दगावतो.

मग बुरशीचं औषध इथे कसं लागू पडतं? आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीत त्या जागी एर्गोस्टेरॉल. लेश्मानियातही त्याच जातीची स्टेरॉलं सापडतात. अ‍ॅम्फोटेरिसिन त्यांना घट्ट चिकटतं, आवरणाला भोकं पडतात, पोटॅशियमचे आयन गळतात आणि पेशी मरते. कोलेस्टेरॉलशीही ते थोडं सलगी करतंच. त्याचा फटका मूत्रपिंडाला बसतो.

खरी गंमत पुढे आहे. हे औषध लायपोसोममध्ये, म्हणजे फॉस्फोलिपिडच्या दुहेरी थराच्या अतिसूक्ष्म गोळ्यांमध्ये, बसवलं की मूत्रपिंडाचा त्रास बराच कमी होतो. शिवाय यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेज पेशी या गोळ्या परक्या समजून गिळतात. लेश्मानिया दडून बसतो तो नेमका याच मॅक्रोफेजांच्या आत, गिळलेला माल पचवणाऱ्या कप्प्यात! औषध थेट शत्रूच्या बिळात पोचवण्याचं काम शरीरच करतं. देशी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या विकासात परळच्या केईएममधल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन दिवसाआड, सुमारे 15 वेळा सलाइनमधून द्यावं लागे. लायपोसोमल प्रकाराचा, वजनाच्या दर किलोमागे 10 मिलिग्रॅम असा एकच डोस पुरतो.

म्हणून कुठलंही जुनं औषध कुठल्याही रोगाला चालेल, असं मात्र नाही. करोनात आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या भरवशावर खाल्ल्या. प्रयोगशाळेत त्यांनी विषाणू रोखला हे खरं, पण तेवढी मात्रा नेहमीच्या डोसने रक्तात पोचतच नाही. परजीवी जंतांवर मात्र तीच गोळी उत्तम आहे.

लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन महाग आहे. गिलियड कंपनी काला आजारासाठी ते जागतिक आरोग्य संघटनेला मोफत देते, त्यामुळे बिहारच्या खेड्यातल्या मजुरापर्यंत ते पोचू शकतं.