कुरवाचं तपकिरी पिल्लू: रंग सोडा, पिसं बघा

‘गडद दिसला तर लेसर ब्लॅक-बॅक्ड, फिकट दिसला तर हेरिंग गल.’ पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर त्याच वर्षी जन्मलेले कुरव, म्हणजे सीगल, ओळखताना नवखे निरीक्षक हा नियम सर्रास वापरतात आणि सर्रास फसतात. ढगाळ सकाळी करडा वाटलेला पक्षी उतरत्या उन्हात तांबूस दिसतो. आकाराचाही भरवसा नाही. लेसर ब्लॅक-बॅक्ड (थोडक्यात लेसर) आणि हेरिंग या दोन्ही जातींत नर मोठा असतो, त्यामुळे हेरिंगची चणीने लहान मादी लेसरच्या थोराड नरापुढे सहज खपून जाते. पायांच्या रंगावरून प्रौढ पक्षी वेगळे करता येतात, पण या वयात दोघांचेही पाय मळकट गुलाबी आणि चोच काळी.

पक्षी उडेपर्यंत थांबावं. पंखाच्या टोकाकडे 10 लांब प्रायमरी पिसं असतात. हेरिंगमध्ये त्यांतली आतली पिसं फिकी असल्याने उघड्या पंखात एक उजळ झरोका दिसतो. लेसरमध्ये तो नसतो किंवा जेमतेम असतो. शिवाय लेसरच्या ग्रेटर कव्हर्ट पिसांची, म्हणजे पंखाच्या लांब पिसांची मुळं झाकणाऱ्या पिसांची, बुडं गडद असतात, म्हणून पंखाच्या गडद मागच्या कडेला समांतर आणखी एक गडद पट्टा उमटतो. त्याच्या शेपटीचा काळा पट्टाही पांढुरक्या बुडावर ठळक उठतो. हेरिंगमध्ये बूडच रेघोट्यांनी भरलेलं असल्याने पट्ट्याची कड पुसट होते.

बसलेल्या पक्ष्यात टर्शियल पिसं बघायची. मिटलेल्या पंखावर पाठीच्या मागच्या टोकाला ती एकावर एक रचलेली असतात. हेरिंगमध्ये त्यांच्या कडेला ओकच्या पानासारख्या फिकट खाचा असतात. लेसरमध्ये पीस गडद आणि टोकाभोवती फक्त बारीक फिकट किनार. मात्र यलो-लेग्ड गल या तिसऱ्या जातीची टर्शियलंही बरीचशी अशीच असतात, त्यामुळे एका खुणेवर नाव ठोकून देऊ नये.

खरी मेख पुढेच आहे. पिसाचा गडद रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो आणि मेलॅनिनचे कण पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्या केराटिनला झिजण्यापासून वाचवतात. पांढऱ्या भागात हे कण नसतात. वाळू आणि वाऱ्याच्या घासण्याने तोच आधी तुटतो. म्हणजे हेरिंगच्या ज्या खाचांवर आपली भिस्त, त्याच मार्चपर्यंत झडतात आणि उरलेलं पीस लेसरसारखं सलग गडद दिसू लागतं. दुसरीकडे ऊन तपकिरी रंग उडवत असतं, म्हणून लेसर फिका पडतो. एकही नवं पीस न येता दोघे एकमेकांसारखे होतात! पाठीची पिसं शरद ऋतूपासून बदलू लागतात, पण प्रायमरी सहसा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तीच राहतात. त्यातही आतल्या प्रायमरी मिटल्या पंखात झाकलेल्या असतात, त्यामुळे कमी झिजतात. म्हणून हिवाळा सरताना टर्शियलपेक्षा झरोक्यावर विश्वास ठेवावा.

फोटोवरून क्षणात नाव सांगणाऱ्या ॲपचा फार गवगवा होतो. पक्ष्याने पंख उघडलेलाच नसेल, तर झरोका ॲपला तरी कुठून दिसणार? पंखाच्या वरच्या बाजूचे सलग फोटो घ्यावेत, एक्सपोजर किंचित कमी ठेवून, नाहीतर प्रखर उन्हात फिकट कडा जळून खाचा नसलेल्या ठिकाणीही दिसतात. फोटोला तारीख हवीच. हेरिंग आणि लेसर यांचे संकरही होतात. खुणा आपसात जुळत नसतील तर नोंदीत ‘मोठा कुरव, पहिलं वर्ष, जात अनिश्चित’ असंच लिहावं.